गुळाच्या गोदामातली झडप आणि तिचं पेटंट : माझा अनुभव

पावसाने उघडीप दिली, ऊन पडलं, की गोदामाची दारं उघडायची आणि गुळाला वारा द्यायचा, ही कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातली जुनी रीत. आमच्या गोदामातही तेच चालायचं. तरीही आषाढ-श्रावणात थप्पीच्या तळाचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, चिकट व्हायचे, रंग काळवंडायचा, आणि गुजरातच्या व्यापाऱ्याने दर पाडला की काही बोलता यायचं नाही. मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकलेली. एका पावसाळ्यात गोदामाच्या आत-बाहेर तापमान आणि आर्द्रतेचे सेन्सर लावून नुसत्या नोंदी घेतल्या. दिसलं ते रीतीच्या अगदी उलट होतं.

उघडीप पडल्यावर बाहेर २९ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू साधारण २४ अंश येतो. २४ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूला ती हवा लागली की तिच्यावर पाणी धरणारच. आणि झड लागून गेल्यावर थप्पीतला गूळ २३ अंशांपर्यंत उतरलेला असतो. आपण ऊन बघून दार उघडतो आणि गुळाला घाम फुटतो. उलट मध्यरात्री बाहेर २२ अंश आणि ८५ टक्के असेल, तर तो ८५चा आकडा ऐकून कुणीही दार लावूनच घेईल. पण त्या हवेचा दवबिंदू १९च्या आसपास असतो. तिच्यात मुळात पाणी कमी, आत येऊन ती थोडी तापली की आणखी कोरडी होत जाते. म्हणजे दार उघडायची खरी वेळ बऱ्याचदा रात्रीची.

रात्री दोन वाजता उठून हा हिशेब कोण करणार? म्हणून बाहेरच्या हवेचा दवबिंदू काढून झडप आणि पंखा आपोआप चालवणारं यंत्र केलं. पण दवबिंदूची तुलना कशाशी करायची? गुळाच्या स्वतःच्या तापमानाशी. रव्यात सेन्सर खुपसावा तर तो रवा चार दिवसांत विकला जातो. भिंतीला लावावा तर भिंत लवकर तापते आणि गूळ तासन् तास मागे राहतो. शेवटी रव्याच्याच मापाचा स्टीलचा डबा केला, त्यात गूळच भरला, हवाबंद केला, एक सेन्सर पत्र्याला आतून चिकटवला आणि एक मधोमध ठेवला. हा डबा थप्पीत रव्यासारखाच बसतो आणि रव्यासारखाच सावकाश तापतो, सावकाश निवतो. बाहेरच्या हवेचा दवबिंदू डब्याच्या दोन्ही तापमानांपेक्षा किमान २ अंशांनी खाली असेल, आणि शिवाय त्या हवेत आतल्या हवेपेक्षा कमी पाणी असेल, तरच झडप उघडते.

झडप शिवाजी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली. मोटारीने उघडायची आणि मोटारीनेच मिटायची, असं माझं चित्र होतं. त्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, लाईट गेली तर ह्या फळ्या उघड्याच राहणार की. रात्री वळीव आत घुसला म्हणजे? मोटारनं उघडायचं, वजनानं मिटायचं. लाईट गेली की वजन आपसूक खाली." आणि त्यांनी बिजागरीपासून तिरका दांडा काढून त्याला वजन लावून दाखवलं. त्यांचं हे बोलणं पुढे पेटंटमध्ये फार मोलाचं ठरलं.

पेटंट घ्यावं हे ठरवल्यावर सगळ्यात आधी शोध घेतला: जगात हे आधी कुणी केलंय का? पेटंट कार्यालयाचा स्वतःचा ऑनलाइन संग्रह आहे, गूगल पेटंट्स आहे, युरोपचं एस्पासनेट आहे, सगळं फुकट. वायुवीजन आणि वातानुकूलनाच्या नियंत्रणासाठी एफ२४एफ ११ हा पेटंटांचा आंतरराष्ट्रीय वर्ग आहे. शब्दांनी शोधून जे हाती लागलं नाही ते वर्गाने शोधल्यावर लागलं. ओलसर तळघरांसाठी दवबिंदूवर चालणारे पंखे होते, धान्याच्या कोठारांसाठीही होते. म्हणजे माझी मूळ कल्पना नवी नव्हतीच. त्याचं मला वाईट वाटलं नाही, उलट धीर आला, कारण आपण बरोबर दिशेने चाललोय याची ती खूण होती.

त्या शोधात मी कितीतरी रात्री जुनी पेटंटं वाचत बसले. खोलीतल्या तापमानावर चालणाऱ्या वॉरन जॉन्सनच्या विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट १८८३ सालचं, आणि जॉन्सन मूळचे शिक्षक. पाठोपाठ १८८५-८६ मध्ये आल्बर्ट बुट्झ यांनी भट्टीच्या हवेची झडप आपोआप उघडणारं यंत्र केलं. खोली गार झाली की थर्मोस्टॅटने विजेचा मार्ग जोडायचा, मोटारीची अडसर सुटायची, तिचा दांडा अर्धा फेरा फिरायचा आणि साखळी झडप वर ओढायची. सव्वाशे वर्षांहून जुनं ते चित्र आणि उद्यमनगरातली आमची झडप शेजारी ठेवली तर नातं लगेच दिसतं. आणि विलिस कॅरियर यांचं १९०२चं काम माणसांना गारवा मिळावा म्हणून झालेलंच नाही. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगावर रंग बसायचा नाही, म्हणून त्यांनी हवेतलं पाणी आवरलं. छापखान्यातला कागद आणि गोदामातला गूळ, दुखणं एकच. हे वाचून माझं कामावरचं प्रेम वाढलं, आणि अर्जात पूर्वपीठिका लिहिताना काय जुनं आणि काय आपलं याची रेघ ओढायला मदतही झाली. आपलं होतं ते इतकंच: मालाच्याच पदार्थाने भरलेला डबा, त्याच्याशी जोडलेल्या दोन अटी, आणि वजनाने मिटणारी झडप.

ही तिसरी गोष्ट माझी नव्हती. दाव्यात, म्हणजे ज्या नेमक्या गोष्टीवर हक्क मागतो त्या वाक्यांत, ज्याची कल्पना आहे त्याचं नाव संशोधक म्हणून लागलंच पाहिजे. फॅब्रिकेटर दादा आधी तयारच होईनात. "माझं नाव कशाला त्यात? मी लोखंड जोडतोय नुसतं." त्यांना समजावलं की नाव गाळलं तर ते खोटं ठरेल आणि त्यावरून पेटंटच उडू शकतं. मग आम्ही दोघंही संशोधक आणि दोघंही अर्जदार झालो. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच करावा लागतो, म्हणून पूर्ण मसुदा मी त्यांना मराठीत सांगत गेले. बिजागरीच्या वर्णनात त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली आणि ती बरोबर होती. शिवाय सहमालकांत कायद्याने हक्क समसमान असतो. दोघांपैकी कुणीही यंत्र स्वतः बनवून विकू शकतो, पण परवाना द्यायचा किंवा हक्क विकायचा तर दुसऱ्याची संमती लागते. पैशांच्या वाटणीचा करार आम्ही अर्जाआधीच स्टॅम्प पेपरवर केला. सगळं गोड असतानाच हे करून घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

अर्ज होईपर्यंत यंत्र कुणाला दाखवायचं नाही, हे पाळणं सगळ्यात जड गेलं. शेजारचे अडत्ये विचारायचे, एका कृषी प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा आग्रह होता. पण आपणच आधी जाहीर केलेली गोष्ट पेटंटच्या लेखी जुनी होते. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारखी थोडी सूट आहे, पण तिच्यावर विसंबायला नको वाटलं. यंत्राच्या नियंत्रणाची पेटी बंद ठेवली, हमालांनाही आतलं दाखवलं नाही.

मग यंत्राचं वर्णन करणारं तात्पुरतं विवरणपत्र, म्हणजे प्रोव्हिजनल, दाखल केलं. त्याने तारीख आपल्या नावावर पडते आणि पूर्ण विवरणपत्र द्यायला १२ महिने मिळतात. आम्ही ते पावसाळ्याच्या तोंडावर केलं, म्हणजे आख्ख्या पावसाळ्याच्या नोंदी पूर्ण विवरणपत्रात घालता आल्या. आमचं क्षेत्र मुंबईच्या, अँटॉप हिलवरच्या पेटंट कार्यालयाचं, पण डिजिटल स्वाक्षरी असली की सगळं घरून ऑनलाइन होतं. व्यक्ती म्हणून अर्ज केला तर अर्जाची फी १६०० रुपये. वर्णन मी लिहिलं, दावे पुण्याच्या एका पेटंट एजंटकडून तपासून घेतले. त्यांची फी सरकारी फीपेक्षा बरीच जास्त होती, पण दाव्यांपुरती ती सार्थकी लागली.

बायकांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. एरवी तपासणीची रांग लांब असते. पण २०१९ पासून, सगळे अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांत एक जरी स्त्री असेल तर त्वरित तपासणी मागता येते. त्यासाठी फॉर्म १८-ए, व्यक्तीला फी ८००० रुपये, आणि अर्ज प्रकाशित झालेला नसेल तर सोबत लवकर प्रकाशनाचा फॉर्म ९, त्याचे २५००. नाहीतर प्रकाशनालाच १८ महिने जातात. आम्ही दोन्ही भरले.

तपासणीचा पहिला अहवाल आला तेव्हा मात्र छातीत धस्स झालं. पानोपानी हरकती. तळघराचा पंखा, धान्याचं कोठार आणि वजनाने मिटणारी झडप अशी तीन जुनी पेटंटं समोर ठेवून परीक्षकांनी म्हटलं होतं की ही तीन एकत्र करणं जाणकाराला सहज सुचेल. शिवाय कलम ३ (के): दवबिंदूचं सूत्र म्हणजे गणित, आणि गणिताला पेटंट नाही. उत्तराला सहा महिने असतात. एजंट म्हणाले, घाबरू नका, पहिला अहवाल असाच येतो.

उत्तर रचताना गोदामाच्या नोंदी कामी आल्या. भिंतीच्या सेन्सरवर विसंबलं असतं तर कोणत्या रात्री झडप उघडली असती आणि डब्यातला गूळ तेव्हा दवबिंदूपेक्षा थंड होता, हे आलेख काढून दाखवलं. तिन्ही जुन्या पेटंटांत येत्या-जात्या मालाचं तापमान मोजायची सोयच नव्हती. पहिला दावा आम्ही अरुंद केला. 'आर्द्रता नियंत्रित करणारी यंत्रणा' एवढं मोघम होतं, तिथे डबा, त्यातले दोन सेन्सर, दोन्ही अटी आणि झडप असं सगळं बांधून घातलं. गणिताचा मुद्दाही त्यानेच सुटला, कारण सूत्र आता लोखंडाला जोडलेलं होतं. इथे एक कडक नियम आहे: दुरुस्ती करताना मूळ विवरणपत्रात नसलेलं काहीही नवीन घालता येत नाही. म्हणून पहिल्या मसुद्यात सुचेल ते सगळं, डब्याच्या पत्र्यापासून दांड्याच्या कोनापर्यंत, लिहून ठेवावं. पुढे सुनावणी व्हिडिओवर झाली. सुनावणी घेणाऱ्या पेटंट नियंत्रकांनी डब्याबद्दल नेमके प्रश्न विचारले, नीट ऐकून घेतलं. लेखी म्हणणं १५ दिवसांत द्यायचं होतं, ते दिलं आणि पेटंट मंजूर झालं.

अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, तेही फक्त भारतात. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरण, व्यक्तीला सुरुवातीला वर्षाला ८०० रुपये. यंत्र प्रत्यक्ष वापरात आहे की नाही याचं विवरण फॉर्म २७ मध्ये द्यायचं, २०२४ च्या नियमांनुसार ते आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा.

झडपा आता दादांच्या वर्कशॉपमध्येच बनतात, पेटी मी जोडते. सांगलीहून हळदीच्या गोदामासाठी विचारणा आली आहे. दाव्यात आम्ही गुळाचं नाव न घालता साठवलेल्या मालाच्याच पदार्थाने भरलेला डबा असं लिहिलं होतं, त्यामुळे हळदही त्यात बसते. फक्त तिथला डबा हळदीनेच भरावा लागेल आणि एक पावसाळा नोंदी घ्याव्या लागतील.