बिट फील्ड, दोन थ्रेड आणि हरवलेला फ्लॅग

सी भाषेतल्या एका स्ट्रक्टमध्ये (व्हेरिएबलांच्या गटात) शेजारी शेजारी तीन फ्लॅग आहेत: रेडी, बिझी, एरर. प्रत्येकाला एक बिट. अशा ठरावीक बिटांच्या मेंबरला बिट फील्ड म्हणतात. कोड वाचताना ती तीन वेगळी व्हेरिएबल वाटतात, आणि गफलत इथेच होते. प्रोसेसर साध्या मेमरीत एकटा बिट लिहीत नाही, किमान एक बाइट लिहितो. त्यामुळे 'रेडी = १' या ओळीची तीन कामं होतात: बाइट वाचणं, बिट बदलणं, अख्खा बाइट परत लिहिणं.

समजा, बाइटमध्ये ० आहे. पहिला थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचा समांतर चालणारा एक धागा, रेडी (बिट ०) लावायला ० वाचतो. तेवढ्यात प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवरचा थ्रेड एरर (बिट २) लावायला तोच ० वाचतो. पहिला १ लिहितो, मागोमाग दुसरा ४ लिहितो. हवे होते ५, उरले ४. रेडी पुसला गेला, तोही ज्या कोडमध्ये रेडीचं नावसुद्धा नाही त्या कोडमुळे. म्हणून हा बग शोधताना लोक नको तिथे खणत बसतात.

एक्स८६ (पीसीमधल्या नेहमीच्या) प्रोसेसरवर कंपायलर कधी कधी हे सगळं एका 'ऑर' इन्स्ट्रक्शनमध्ये बसवतो. एका कोअरवर इंटरप्टपासून (चालू काम मध्येच थांबवणाऱ्या हार्डवेअरच्या इशाऱ्यापासून) त्याने बचाव होतो, पण इन्स्ट्रक्शन अखंड करणाऱ्या लॉक प्रीफिक्सशिवाय दुसऱ्या कोअरपासून नाही. व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाच-लिही असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावूनही काही साधत नाही. वाचणं आणि लिहिणं वेगळंच राहतं.

रेडीला एक म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक) आणि एररला दुसरा दिला, तरी भोक तसंच. दारं दोन, कड्या दोन, पण खोली एकच. सी११ (सी भाषेच्या २०११ च्या) मानकानुसार लागून असलेली सगळी बिट फील्ड मिळून एकच मेमरी लोकेशन. ते तोडायचं असेल तर मध्ये शून्य रुंदीचं निनावी फील्ड टाकावं लागतं किंवा साधा मेंबर. लिनक्स कर्नलच्या मेमरी बॅरियरवरच्या दस्तऐवजातही हेच बजावलंय: एका गटातली सगळी बिट फील्ड एकाच लॉकखाली हवीत.

शेजारी बिट फील्डच असेल असंही नाही. २०१२ च्या सुरुवातीला लिनक्सच्या बीटीआरएफएस फाइल सिस्टिममध्ये एका स्ट्रक्टमध्ये स्पिनलॉकनंतर (हाही लॉकचाच एक प्रकार) लगेच एका बिटाचं 'फुल' हे फील्ड होतं. आयए६४ (इंटेल आयटॅनियम) प्रोसेसरवर जीसीसी कंपायलरने तो एक बिट बदलायला ६४ बिट वाचून परत लिहिले, आणि त्यात शेजारचा स्पिनलॉकही जुन्या किमतीने लिहिला गेला. म्हणजे लॉकच खराब! सी११ तेव्हा नुकतंच आलं होतं. त्याआधीच्या मानकात थ्रेडचा विचारच नव्हता. जुन्या टूलचेनवर (कंपायलर वगैरे साधनांवर) काम असेल तर डिसअसेम्ब्लीत (तयार मशीन कोडच्या वाचनीय रूपात) स्टोअरची, म्हणजे लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शनची, रुंदी बघाच.

उपाय काय? बिट फील्डचा पत्ता घेता येत नाही, त्यामुळे ॲटॉमिक (वाचणं-बदलणं-लिहिणं अखंड करणाऱ्या) फंक्शनला ते देता येत नाही. सरळ एक ॲटॉमिक अनसाइन्ड व्हेरिएबल घ्या, मास्क (कोणता बिट ते दाखवणारी किंमत) ठरवा, लावायला फेच-ऑर आणि काढायला फेच-अँड वापरा. लिनक्स कर्नलमध्ये त्यासाठी सेट_बिट आहे. दोन अंडरस्कोअरने सुरू होणारा त्याचा भाऊ ॲटॉमिक नाही, हे विसरू नका. कॉर्टेक्स-एम० या छोट्या मायक्रोकंट्रोलर कोअरवर एक्सक्लुझिव्ह लोड-स्टोअर (मध्ये कुणी लिहिलं तर ते कळणाऱ्या इन्स्ट्रक्शन) नाहीत, तिथे तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद करा. फ्लॅग मोजकेच असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र बाइट द्या. वाचवलेली रॅम बऱ्याचदा मास्किंगच्या कोडपायी फ्लॅशमध्ये (प्रोग्राम साठवायच्या मेमरीत) जातेच. होस्टवर (स्वतःच्या पीसीवर) थ्रेड सॅनिटायझर या तपासणी साधनाखाली टेस्ट चालवल्या तर ही रेस (दोन थ्रेडची टक्कर) पकडली जाते, कारण तो बाइट बघतो, फील्डचं नाव नाही.

हार्डवेअर रजिस्टरवर (उपकरण चालवायच्या खास पत्त्यांवर) बिट फील्ड बसवणं तर मी टाळायलाच सांगेन. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरच्या टायमरच्या स्टेटस रजिस्टरमध्ये ० लिहिला की फ्लॅग साफ होतो, १ लिहिला तर काही होत नाही. बिट फील्डने अपडेट फ्लॅग साफ करताना, वाचणं आणि लिहिणं यांच्या मधे कॅप्चर फ्लॅग (बाहेरच्या सिग्नलची वेळ टिपल्याची खूण) लागला, तर परत लिहिलेला जुना ० त्यालाही पुसतो आणि ती कॅप्चर घटना कुणाला कळतच नाही. इथे आधी वाचायचंच नाही: अपडेटच्या जागी ० आणि बाकी सगळीकडे १ अशी किंमत थेट लिहायची. जीपीआयओ (चिपच्या साध्या इनपुट-आउटपुट) पिनसाठी बीएसआरआर रजिस्टर आहे. खालचे १६ बिट पिन लावतात, वरचे १६ उतरवतात, आणि शेजारच्या पिनला धक्का लागत नाही.