फोटो दिसत नाही? आधी नेटवर्क टॅब उघडा

मी एका वाचनालयाची वेबसाइट सांभाळते. त्यावर जुने फोटो आहेत, व्याख्यानांचे व्हिडिओ आहेत, त्यामुळे ‘फोटो दिसत नाहीये’ आणि ‘व्हिडिओ नुसता फिरतोय’ हे दोन निरोप मला सारखे येतात. असा निरोप आला की बहुतेक जण तीच फाइल पुन्हा अपलोड करतात, कॅश साफ करतात, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघतात. ही घाई मला पटत नाही. नेमकं कुठे अडलंय ते ब्राउझरला माहीत असतं. त्याला विचारायचं.

कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, जी तपासणीची चौकट येईल तिच्यात नेटवर्क टॅब उघडा आणि पान रीलोड करा. फोटोच्या नावासमोर एक आकडा येईल. ४०४ असेल तर त्या पत्त्यावर फाइल नाही. ४०३ असेल तर सर्व्हर ती द्यायला नकार देतोय. फोल्डरची परमिशन तपासा, किंवा फोटो दुसऱ्याच्या साइटवरून थेट उचललेला असेल तर त्यांनी तसं करायला बंदी घातलेली असू शकते. आणि २०० येऊनही चौकट रिकामीच असेल, तर फाइल पोचली आहे, पण ब्राउझरला वाचता येत नाहीये. फाइल न पोचणं आणि पोचून न कळणं, यातलं काय झालंय हे एकदा ठरलं की निम्मं काम झालं.

४०४ मागे बरेचदा कॅपिटल अक्षरं असतात. फाइलचं नाव कॅपिटलमध्ये आहे की स्मॉलमध्ये, याची विंडोजला फिकीर नसते. लिनक्स सर्व्हरला असते. त्यामुळे स्वतःच्या कॉम्प्युटरवर झकास दिसणारं पान सर्व्हरवर चढवलं की फोटो गायब. आमच्याकडे आता फाइलची सगळी नावं स्मॉल अक्षरांत, मध्ये स्पेस न देता ठेवायची असा नियमच आहे.

२०० येऊनही न दिसणारा फोटो बहुधा आयफोनवरून आलेला असतो. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं तेव्हापासून आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवायला लागले. सफारी तो दाखवते, क्रोम आणि फायरफॉक्स दाखवत नाहीत. एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाचं शेपूट, बदलून जेपीजी लिहिल्याने आतला फोटो बदलत नाही, तो खरोखर कन्व्हर्ट करावा लागतो. व्हिडिओचंही तसंच. एचईव्हीसी या कोडेकमधला, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या एका नव्या पद्धतीतला, व्हिडिओ काही मशीनवर चालतो, काहींवर नुसता आवाज येतो आणि पडदा काळा. सगळ्यांना दिसायला हवा असेल तर एमपी४ फाइल, आणि आत एच.२६४ हा जुना कोडेक. नव्या कोडेकचा मोह मी तरी आवरते.

आता ‘नुसता फिरतोय’वाला व्हिडिओ. याचं एक कारण फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. एमपी४ फाइलमध्ये ‘मूव्ह’ नावाचा एक भाग असतो. तो म्हणजे त्या फाइलची अनुक्रमणिका: कुठलं चित्र आणि कुठला आवाज फाइलमध्ये नेमका कुठे आहे, याची नोंद. ही नोंद रेकॉर्डिंग संपल्यावरच पुरी होते, म्हणून बरीच सॉफ्टवेअर ती फाइलच्या शेवटी लिहितात. ब्राउझर मात्र सुरुवातीपासून वाचतो, आणि अनुक्रमणिका हातात आल्याशिवाय त्याला पहिलं चित्रही दाखवता येत नाही. सर्व्हर फाइलचे तुकडे द्यायला तयार असेल तर ब्राउझर शेवटाकडे उडी मारून ती घेऊन येतो. नसेल तर सगळी फाइल उतरेपर्यंत बघणारा ताटकळतो. तासाभराच्या व्याख्यानाला लोक एवढे थांबत नाहीत, आणि त्यांनी का थांबावं?

उपाय सोपा आहे. एफएफएमपेग या व्हिडिओ कन्व्हर्ट करायच्या प्रोग्रॅममध्ये ‘फास्टस्टार्ट’ हा पर्याय देऊन फाइल कॉपी करायची. अनुक्रमणिका पुढे येते. व्हिडिओ नव्याने एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि कामही चटकन होतं. हँडब्रेक हा तशाच कामाचा प्रोग्रॅम वापरत असाल तर ‘वेब ऑप्टिमाइज्ड’वर टिक करा. शिवाय नेटवर्क टॅबमध्ये व्हिडिओसमोर २०६ दिसतोय का बघा. तो दिसला म्हणजे सर्व्हर तुकडे देतोय. सर्व्हर तुकडे देत नसेल तर व्हिडिओ पुढे सरकवताना अडचण येते, आणि सफारी तर तो वाजवायलाच नकार देते.

व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही ही तक्रार मी बाजूला ठेवते. आवाजासह ऑटोप्ले क्रोमने २०१८ मध्येच बंद केला, आणि बरं केलं.

फोटोंच्या बाबतीत मला जास्त काळजी जुन्या फोनची वाटते. चार हजार बाय तीन हजार पिक्सेलचा फोटो कॉम्प्रेस करून ४०० केबीवर आणला की लोक निश्चिंत होतात. पण स्क्रीनवर दाखवण्यासाठी ब्राउझर तो उलगडतो, तेव्हा प्रत्येक पिक्सेलला साधारण चार बाइट लागतात, म्हणजे एका फोटोला ४८ एमबी मेमरी. गॅलरीत असे वीस फोटो एकदम उघडले तर कमी मेमरीच्या फोनवर पान मध्येच बंद पडतं, आणि ‘साइट खराब आहे’ असं आपल्या कानावर येतं. तोच फोटो सोळाशे बाय बाराशे केला की आठ एमबीच्या आत बसतो, आणि फोनच्या पडद्यावर तेवढा पुष्कळ होतो. म्हणून केबीच्या आधी पिक्सेल बघा. पानाच्या कोडमध्ये फोटोच्या टॅगमध्ये रुंदी-उंचीही लिहा, म्हणजे फोटो येईपर्यंत त्याची जागा राखलेली राहते आणि वाचता वाचता मजकूर खाली घसरत नाही.

फोटो लहान करताना एक्झिफ माहितीही, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्ये आपोआप लिहिलेल्या नोंदी, काढून टाका. फोनने काढलेल्या फोटोत तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश असू शकतात. कुणी विश्वासाने घरातला फोटो पाठवला, तर त्याच्या घराचा पत्ता आपल्या साइटवरून जगाला मिळता कामा नये.

व्हिडिओला कॅप्शन मात्र जरूर द्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी व्याख्यान म्हणजे तेवढंच असतं. कॅप्शनची वेबव्हीटीटी फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतातच सेव्ह करा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटतात. अपलोड झाल्यावर पहिली दोन मिनिटं आवाज बंद ठेवून बघा. ओळी मागेपुढे होत असतील तर तेव्हाच कळतं.