आईला घेऊन सिंधुदुर्गात

आईचं माहेर तारकर्लीचं. आयुष्यभर तिने सिंधुदुर्ग किल्ला किनाऱ्यावरूनच पाहिला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिनेच विषय काढला, "आता तरी ने बाबा."

पहिल्या दिवशी मालवणच्या धक्क्यावर दुपारी पोचलो, तिथेच चुकलं. वारा सुटला होता. होडीवाले म्हणाले, "आज जावक गावाचा नाय. उद्या सकाळीच येवा." म्हातारं माणूस बरोबर असेल तर खरंच सकाळच धरा. पावसाळ्यात तर होड्या बंदच असतात.

दुसऱ्या दिवशी पाणी शांत होतं. होडीत चढणं सोपं. कस लागतो तो उतरताना. "आजीनू, हात देवा हडे," म्हणत त्या पोराने लाटेवर होडी वर यायची वाट पाहिली आणि नेमक्या त्याच क्षणी आईला पायरीवर घेतलं.

समोर नुसता तट. "दरवाजो खंय?" आईने विचारलं. शत्रूलाही हाच प्रश्न पडावा म्हणून तर तो बुरुजांच्या आड वळणात दडवलाय! 25 नोव्हेंबर 1664 ला कुरटे बेटावर पायाभरणी झाली, हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायात शिसं ओतलं होतं.

आई रमली ती तटाच्या दुरुस्त केलेल्या भागापाशी. जुन्या दगडांना खाऱ्या वाऱ्याने खळगे पडलेले, नव्यांच्या कडा अजून धारदार. मधल्या दरजेवरून ती बोट फिरवत राहिली. अशा ठिकाणी दरजा चुन्यानेच भरायला हव्यात. सिमेंट ओल आत कोंडून धरतं, मग मिठाने दगडाचेच पापुद्रे सुटतात. चुना ओल बाहेर सोडतो. आणि त्याच दगडांवर कुणीतरी खिळ्याने नावं कोरलेली पाहून माझा जीव तुटला.

शिवराजेश्वराच्या मंदिरात ती बराच वेळ हात जोडून उभी होती. राजाराम महाराजांनी 1695 मध्ये बांधलेलं हे मंदिर. इथल्या मूर्तीत शिवाजी महाराजांना दाढी नाही, डोक्यावर कोळ्यासारखी टोपी आहे. आपल्या दर्यावरचाच कुणी माणूस बसलाय असं वाटतं.

दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी बघायच्याच होत्या. गडावरच राहणाऱ्या एका काकींनी दहीबावेचं पाणी ओंजळीत घातलं. चारी बाजूंना खारा दर्या. आईने घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं. "गोड हा रे."

तिने बाटली भरून घेतली आणि परतीच्या होडीत ती दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली.