लावणीतला लेप्टो

भाताच्या लावणीत पायांना चिखल्या होतातच. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलवटते. रात्री खोबरेल लावायचं, सकाळी पुन्हा कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, उतरायचं. त्यामुळे हुडहुडी भरून ताप आला तेव्हा पायांकडे कोणाचं लक्षच नव्हतं. डोकं ठणकत होतं, पण जीव घेतला तो पोटऱ्यांनी. उकिडवं बसता येईना.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी पोटरी जराशी दाबली आणि मी ओरडलेच. डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत, हेही त्यांनी पाहिलं. "लावणीला जाता ना?" म्हणाल्या, आणि सरळ उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली.

आमच्या सिंधुदुर्गात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, पोरांनाही ठाऊक आहे. उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात हे जंतू राहतात, त्यांना स्वतःला बहुधा काहीच होत नाही. मुतातून ते बांधावर, साचल्या पाण्यात उतरतात आणि आपल्या चिरा-चिखल्यांतून आत शिरतात. गुरांच्या मुतातूनही येतात, त्यामुळे गोठाही सुटत नाही. ताप यायला बहुधा ५ ते १४ दिवस लागतात.

पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला. घरचे खूश; डॉक्टर नाहीत. रक्तात अँटीबॉडी दिसायला आठवडाभर तरी लागतो, तोवर थांबायचं नसतं, असं सांगून त्यांनी सेफ्ट्रायक्झोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरूच ठेवली. तेवढ्यात सासूबाई डबा घेऊन आल्या. "गो, डोळे पिवळे दिसतत तुझे!" झालं, काविळीच्या झाडपाल्याची बोलणी सुरू. भेटायला येणारा प्रत्येक जण प्लेटलेट विचारी, कोणी पपईच्या पानांचा रसही घेऊन आलं. डॉक्टरांचा जीव मात्र क्रिएटिनिनमध्ये, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीत, अडकलेला. सिस्टर बाटलीत लघवी मोजून कागदावर लिहायच्या; आकडा घसरला की सलाइनचा हिशोब बदलायचा. मला विचाराल तर लेप्टोत प्लेटलेटपेक्षा ही बाटली जास्त बोलते. लघवी वाढू लागली तसा क्रिएटिनिनही उतरला, डायलिसिसची वेळ टळली. दुसऱ्या नमुन्यात लेप्टो पॉझिटिव्ह आला, तोवर मी पेज जेवायला लागले होते.

घरी आल्यावर आशाताई लेप्टो होऊ नये म्हणून घरोघर डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिनच्या) गोळ्या देऊन गेल्या: आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. गरोदर जावेला मात्र दिल्या नाहीत. गमबूट घाला, असंही सांगितलं. बांधावर ठीक आहे हो, पण गुडघाभर चिखलात बूट तिथेच राहतो नि पाय तेवढा वर येतो.