बायबलशेजारचा कप्पा: आमची वाटचाल

नगरमधल्या माळीवाड्याजवळचं आमचं ख्रिस्ती पुस्तकांचं दुकान दहा बाय बाराचं आहे. पप्पांनी ते 1996 मध्ये सुरू केलं. त्याआधी ते छापखान्यात बाइंडर होते. भांडवल 18,000 रुपये, त्यातले निम्मे आईच्या पाटल्या मोडून आलेले. माल ठरलेला असायचा: बायबल, 'उपासना संगीत' हे भजनांचं पुस्तक, संडे स्कूलची पुस्तकं, वचनांची कॅलेंडरं आणि नोव्हेंबर लागला की नाताळचे तारे. वर्षाचा निम्मा गल्ला त्या सहा आठवड्यांत जमायचा. आजही फार वेगळं नाही.

पण या दुकानाची खरी गोष्ट एका कप्प्याची आहे. तीच सांगायला बसले आहे.

2001 मध्ये माझा धाकटा भाऊ तापाने गेला. अकरा वर्षांचा होता. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं पप्पा चर्चमध्ये उपासनेला गेले नाहीत. दुकान मात्र रोज साडेनऊला उघडायचे. लोक यायचे, बायबल घ्यायचे आणि पैसे देता देता म्हणायचे, "प्रभूची इच्छा, काय करणार." पप्पा सुटे पैसे मोजून हातात ठेवायचे, बोलायचे काहीच नाहीत. पाळकसाहेब घरी यायचे, प्रार्थना करायचे, चहा घेऊन जायचे. माणूस प्रेमळ होता, पण पप्पांना जे विचारायचं होतं ते विचारायला त्या भेटीत जागा नव्हती.

त्या काळात त्यांनी बायबलच्या रांगेशेजारचा, डोळ्यांच्या उंचीवरचा एक कप्पा रिकामा केला आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: "प्रश्न पडलेल्यांसाठी". त्यात सुरुवातीला जेमतेम आठ-दहा पुस्तकं होती. बायबलमधल्या ईयोबाच्या, म्हणजे दुःखात देवाला प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या पुस्तकावरचं एक विवेचन. बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' हे आत्मचरित्र. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', कारण त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो लक्ष्मीबाईंनी लगेच मान्य केला नव्हता. त्यांचा स्वतःचा निर्णय व्हायला पाच वर्षं लागली आणि त्या पाच वर्षांतलं एकही दुखणं त्यांनी झाकलेलं नाही. पप्पा म्हणायचे, आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, श्रद्धेची साक्ष देणारे पुष्कळ आहेत, पण साक्षीच्या आधीची वर्षं सांगणारी ही एकटी बाई.

आणि बायबलमधलं 88वं स्तोत्र. त्याचं वेगळं पुस्तक नाही, म्हणून पप्पांनी ते एका कार्डावर हाताने उतरवून कप्प्यात उभं करून ठेवलं होतं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे वळतात, देवाचे उपकार मानतात. हे वळत नाही. अंधाराशीच थांबतं. "ज्यांनी हे पवित्र शास्त्रात राहू दिलं, त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ठेवली," असं ते एकदा म्हणाले. पुढे उपासनेला जायला लागले ते कुणाच्या समजावण्याने नाही. त्या खुर्चीवर बसून बसून गेले.

मी बी.कॉम. करून 2009 मध्ये दुकानात आले. त्या कप्प्यात जॉन बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' या रूपककथेचं एक जीर्ण मराठी भाषांतर होतं. ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. हरि केशवजींनी ती 'यात्रिकक्रमण' म्हणून 1841 मध्ये मराठीत आणली, म्हणजे नगरहून 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघायला लागलं त्याच्याही एक वर्ष आधी. त्यात शंकेचा एक किल्ला आहे. किल्ल्याचा मालक नैराश्य नावाचा राक्षस. यात्रेकरू आणि त्याचा सोबती तिथल्या कोठडीत अडकतात, मार खातात, जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत येतात, आणि मग यात्रेकरूला आठवतं की किल्ली आपल्याच छातीशी आहे. ते वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की शंकेबद्दल बोलायला प्रवचनापेक्षा राक्षस आणि किल्ले जास्त उपयोगी पडतात. प्रवचनात शंकेला लगेच उत्तर द्यावं लागतं. गोष्टीत ती कोठडीत रात्रभर बसू शकते.

असं काही मराठीत आणखी हवं, हे तेव्हापासून डोक्यात होतं. 2014 मध्ये एका जुन्या बंगल्याची रद्दी आमच्याकडे आली. तिच्यात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांचं 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन' होतं, मूळ 1872 चं. मॅकडोनाल्ड स्कॉटलंडचे, स्वतः पाळक. इंग्लंडमधल्या अरुंडेल गावी त्यांची शिकवण मंडळीच्या पुढाऱ्यांना रुचली नाही, त्यांनी पगार कापला आणि 1853 मध्ये मॅकडोनाल्डनी ती जागा सोडली. व्यासपीठ गेलं, मग ते गोष्टी लिहायला लागले. 1905 मध्ये वारले, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नव्हता.

या गोष्टीत आयरीन नावाची छोटी राजकन्या आहे. वाड्याच्या माळ्यावर तिला तिची खापरपणजी सूत कातताना भेटते. (इंग्रजीला यासाठी शब्दांची आगगाडी जोडावी लागते, आपल्याकडे एका शब्दात काम झालं.) खापरपणजी तिला एक अंगठी आणि त्या अंगठीला बांधलेला, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा धागा देते. तो धागा धरून आयरीन खाणीत अडकलेल्या कर्डी नावाच्या पोराला सोडवून आणते. पण कर्डीच्या बोटांना धागा लागत नाही. ती त्याला माळ्यावर नेते, तर तिथे त्याला फक्त गवताचा ढीग, एक टब आणि सुकलेलं सफरचंद दिसतं. ती थट्टा करते आहे असं समजून तो रागावून निघून जातो आणि आयरीन रडत बसते. तेव्हा खापरपणजी तिला जे सांगते ते साधारण असं: ज्याला जेवढा विश्वास ठेवता येतो तेवढाच त्याने ठेवावा, आणि ज्यांचा जास्त आहे त्यांनी कमी असणाऱ्यांशी कठोर होऊ नये.

मी ते पान दुकानात उभ्यानेच वाचलं. 2001 साली काउंटरपाशी उभं राहून "प्रभूची इच्छा" म्हणून गेलेली सगळी माणसं डोळ्यांपुढे आली. त्याच दिवशी ठरवलं, हे पुस्तक आपण काढायचं.

आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने भाषांतर केलं, चौदा महिने लागले. खाणीतल्या गॉब्लिनांना काय म्हणायचं यावर महिना गेला. भूत म्हणावं तर ते मेलेले नाहीत, राक्षस म्हणावं तर ते बुटके. शेवटी बाईंनी "भुयारकर" केलं आणि पोरांना ते इतकं आवडलं की संडे स्कूलमध्ये एकमेकांना त्याच नावाने हाका सुरू झाल्या. भुयारकरांचे पाय नाजूक असतात आणि त्यांना कविता सोसत नाहीत, म्हणून कर्डी त्यांच्यावर गाणी म्हणत धावून जातो. ती गाणी बाईंनी जात्यावरच्या ओवीच्या ठेक्यात बसवली. माझ्या मते सगळ्या पुस्तकात तेच सर्वांत सरस काम आहे.

500 प्रतींचा खर्च 62,000 रुपये आला, म्हणजे प्रतीमागे 124. किंमत ठेवली 180. वितरकाला 40 टक्के दिले की हातात 108 उरणार, म्हणजे विकल्यावरही तोटा. म्हणून वितरकाकडे दिलंच नाही. स्वतःच गावोगावी स्टॉल लावला. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची यात्रा भरते, तिथे मेणबत्त्या आणि जपमाळांच्या रांगेत आम्हीही टेबल मांडलं. यात्रा कॅथलिकांची, आम्ही प्रोटेस्टंट, पण कुणी एका शब्दाने हटकलं नाही. दोन दिवसांत 41 प्रती गेल्या. आमच्यासाठी तो मोठा आकडा होता. पहिली आवृत्ती संपायला चार वर्षं लागली.

मध्ये एक धक्का बसला. एका मंडळीने संडे स्कूलच्या बक्षिसांसाठी 60 प्रती मागवल्या आणि 57 परत पाठवल्या. पत्रात लिहिलं होतं की ख्रिस्ती दुकानाने जादूटोण्याची पुस्तकं विकू नयेत. आधी मला राग आला. मग पप्पांनी मला त्या गावची माहिती सांगितली. तिथली कित्येक घरं करणी-भानामतीच्या आरोपात पोळलेली आहेत. मांत्रिकाच्या धाकातून सुटण्यासाठीच त्यांच्या आजोबा-पणजोबांनी प्रभूचा रस्ता धरला. त्यांच्यासाठी 'जादू' हा खेळातला शब्द नाही. ते मला पटलं. दुसऱ्या आवृत्तीला मी दोन पानांची प्रस्तावना जोडली: गोष्टीतली जादू कशासाठी असते आणि मांत्रिकाची कशासाठी, यातला फरक सांगणारी. ती घेऊन स्वतः त्या गावी गेले, वडीलधाऱ्यांसोबत बसले. या वेळी त्यांनी 20 घेतल्या, आणि त्या परत आल्या नाहीत.

दुसरं पुस्तक आमच्या हातात कायद्याने दिलं. इंग्रजीतले ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस 22 नोव्हेंबर 1963 ला वारले. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं भारतात 1 जानेवारी 2024 पासून खुली झाली. इंग्लंडमध्ये ही मुदत 70 वर्षांची आहे. त्यामुळे आमच्या पुस्तकावर "फक्त भारतात विक्रीसाठी" असं छापावं लागतं, आणि लंडनच्या एका मराठी कुटुंबाने दहा प्रती मागितल्या तेव्हा नाही म्हणावं लागलं. फार जिवावर आलं.

सगळ्यांना वाटलं, आम्ही लुईस यांची नार्निया नावाच्या जादूच्या देशाची मुलांसाठीची मालिका काढणार. आम्हालाही ते हवं आहे. पण सात पुस्तकं, तेवढं भांडवल नाही. शिवाय बाईंनी पहिल्या प्रकरणांचा मसुदा केला तेव्हा एक वेगळीच अडचण दिसली. तिथे चेटकिणीच्या शापामुळे कायमचा हिवाळा असतो आणि नाताळ कधी येत नाही. नगरच्या पोराला हिवाळा शाप कसा वाटावा? आमच्याकडे हुरडा, शेकोटी, लग्नसराई, सगळं थंडीतच. इथली भीती म्हणजे न सरणारा उन्हाळा. बाईंनी हिवाळाच ठेवला आहे, मूळ मोडायचं नाही म्हणून, पण वाचकाला तो गार लागावा यासाठी अजून झगडताहेत.

म्हणून आधी लुईस यांचं एक छोटं पुस्तक घेतलं, 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड'. 1960 मध्ये त्यांची पत्नी जॉय कर्करोगाने गेली, त्यानंतरच्या या वह्या. 1961 मध्ये त्यांनी त्या टोपणनावाने छापल्या. ज्याने नार्नियात सिंहाच्या रूपात तारणारा उभा केला, तोच इथे लिहितो की गरज सर्वांत मोठी असताना देवाचं दार तोंडावर लागतं आणि आतून कडी घातल्याचा आवाज येतो.

पप्पांचे डोळे आता अधू झालेत. दुपारी दोन ते चार दुकान थंड असतं, तेव्हा मी प्रुफं मोठ्याने वाचते आणि ते ऐकून चुका सांगतात. कडीच्या वाक्याशी त्यांनी हात वर केला. मला वाटलं, ऱ्हस्व-दीर्घ काही चुकलं.

"परत वाच."

मी वाचलं.

"हे छापून किती वर्षं झाली म्हणालीस?"

"साठाहून जास्त, पप्पा."

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "2001 ला मराठीत असतं तर बरं झालं असतं." आणि पुढचं पान वाचायला सांगितलं.

ते पुस्तक 300 प्रतींचं काढलं, आता 70 उरल्या आहेत. बऱ्याच प्रती लोक घरात कुणी गेलं की नेतात. एक बाई चार नेऊन गेल्या, महिन्याने आणखी दोन न्यायला आल्या. सध्या मॅकडोनाल्ड यांच्या 'द गोल्डन की' या छोट्या कथेची प्रुफं चालू आहेत. त्या वेळात कुणी बायबलला चेनचं कव्हर घ्यायला आलं तरी त्याला स्टूल देतो आणि वाचन चालू ठेवतो. परवा एक कॉलेजचा मुलगा असाच बसला आणि प्रकरण संपेपर्यंत उठला नाही. कव्हर न घेताच गेला, पण हरेगावला स्टॉल कुठे असतो ते विचारून गेला.