एका कानाची माती

माझ्या कामाच्या टेबलावर, दिव्याच्या बुडाशी, गेले आठ महिने एक कान पडलेला आहे. डावा. राखाडी, किंचित तेलकट, बोटाच्या दोन पेरांएवढा. त्याचं डोकं मोडून डब्यात गेलं. त्या डोक्याच्या मातीचं मधल्या काळात एक कासव होऊन गेलं, एका म्हाताऱ्या माणसाचा पंजा होऊन गेला, एक अर्धवट घोडाही झाला (त्याविषयी न बोललेलं बरं). कान तेवढा मागे राहिला. येणारा प्रत्येक जण तो उचलून बघतो आणि हमखास भलतीकडे ठेवतो. एकदा तो फोनच्या चार्जरशेजारी सापडला आणि मी चांगलीच दचकले.

ही तेलाची माती. माती म्हणायचं म्हणून माती. हिच्यात खडूसारखी बारीक पूड असते, मेण असतं, तेल किंवा व्हॅसलीनच्या जातीचं काहीतरी असतं; पाण्याचा मात्र थेंब नसतो. सगळी गंमत त्या नसलेल्या पाण्यात आहे. साध्या मातीतलं पाणी उडालं की तिचे कण एकमेकांजवळ सरकतात, काम आकसतं, आणि आत तारेचा सांगाडा असेल तर तो आकसत नसल्यामुळे वरची माती तडकते. तेल आणि मेण असे उडून जात नाहीत. आज रात्री नाक जिथे ठेवून झोपावं तिथेच ते महिन्याभरानेही असतं. भट्टीत घालायची सोय अर्थातच नाही. घातली तर मेण वितळून खाली थारोळं आणि वर धूर. पक्कं होणं तिच्या नशिबातच नाही.

१८९७ साली इंग्लंडमधल्या बाथ इथे विल्यम हार्बट नावाच्या कलाशिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी अशी न वाळणारी माती तयार केली आणि तिचं नाव ठेवलं प्लास्टिसीन. ओली माती घेऊन बसलेली वीस मुलं, त्यांच्या बाह्या आणि वर्गाची फरशी ज्याने पाहिली आहे त्याला हार्बटचा वैताग समजावून सांगावा लागत नाही. १९०० साली त्याने जवळच्याच बाथॅम्प्टनमध्ये कारखाना काढला. सुरुवातीची माती नुसती राखाडी होती. रंग मागाहून आले आणि मग ती खेळण्यांच्या कपाटात जाऊन बसली. इतकी, की मी तेलमातीत काम करते म्हटलं की लोक आजही कौतुकाने म्हणतात, ‘अच्छा, मुलांची क्ले!’ मी हो म्हणते. वाद घालण्यात अर्थ नसतो. शिल्पाची माती तिचीच थोरली, ताठ मानेची बहीण. आणि त्याहून ताठ असते ती मोटारींचे नमुने करणारी माती. जनरल मोटर्समध्ये हार्ली अर्लने १९२७ पासून गाड्यांच्या आकारांचा विभाग चालवला आणि मातीत गाडी घडवून बघायची पद्धत तिथे रुळवली. ही माती साठेक अंशांपर्यंत गरम करून, मऊ असतानाच सांगाड्यावर थापायची. निवली की ती इतकी कडक होते की पात्याने तासावी लागते.

माझी माती मध्यम. तरी थंडीत नवीन लादी हातात घेतली की विटेशी गाठ पडल्यासारखं वाटतं. म्हणून मी पुठ्ठ्याच्या खोक्यात एक जुना पिवळा बल्ब लावून माती त्याच्या उबेत ठेवते. अर्ध्या तासाने तिचा स्वभाव बदलतो. अंगठा टेकवला की आधी थोडा विरोध, मग एकदम शरणागती. या मधल्या क्षणासाठीच मी हे सगळं करते असा मला दाट संशय आहे. उन्हाळ्यात उलटा प्रकार: दुपारी केलेली हनुवटी संध्याकाळपर्यंत कंटाळल्यासारखी खाली येते. मोठ्या डोक्याच्या आत म्हणूनच तारेला लाकडी काड्यांची फुली लटकवतात. तिला फुलपाखरू म्हणतात. बाहेरून कुणाला पत्ता नसतो, पण आतल्या मातीचा भार ती फुली धरून ठेवते.

न वाळण्याचं सुख सांगितलं, आता दुःख सांगते. साधी माती तुमच्यामागे लकडा लावते. ओलं फडकं टाक, पाणी शिंपड, आज एवढं तरी उरक, उद्या मी ऐकणार नाही. तेलमाती कसलाच तगादा लावत नाही, आणि तगादा नसला की माझ्यासारखीचं काम संपत नाही. ज्या डोक्याचा हा कान, त्याचा वरचा ओठ मी सव्वा महिना करत होते. सकाळी चहाआधी थोडा दाबायचा, रात्री झोपताना परत उचलायचा. शेवटी सर आले. माझे शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे, बोलणं मोजकं. त्यांनी डोक्याभोवती एक चक्कर मारली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “अगं, हे झालंय. मागच्या वेळी आलो तेव्हाच झालं होतं. हात काढ आता.”

हात काढला. मग उरलं सफाईचं काम. दातेरी तारेने चौकडी मारत पृष्ठभाग ओरबाडायचा. उंच भाग आपोआप खाली येतात आणि खड्डे उघडे पडतात. मग बारीक तारेचं हत्यार, मग पत्र्याचा लवचीक तुकडा, शेवटी स्पिरिटमध्ये जेमतेम बुडवलेला मऊ ब्रश. ब्रश जास्त भिजला तर गालावर चिखलाचा ओघळ येतो आणि तास वाया जातो. इतकं करूनही कुठेतरी आपल्या अंगठ्याचा ठसा राहतोच. डोळ्यांना दिसत नाही, पण साचा घेण्यासाठी मातीवर ओतायच्या पातळ रबराला, म्हणजे सिलिकॉनला, दिसतो. सिलिकॉन हा अतिशय चहाडखोर पदार्थ आहे. मातीवर जे जे आहे ते सगळं तो साच्यात नोंदवतो, ओतकामात जसंच्या तसं उतरवतो, आणि मग त्या भारदस्त चेहऱ्याच्या कपाळावर तुमची बोटं कायमची.

साचा करताना तेलमातीची आणखी एक बाजू दिसते, आणि मला ती शिल्पाइतकीच आवडते. तिथे ती हमालासारखी राबते. समजा एखाद्या छोट्या, टणक वस्तूचा दोन भागांचा साचा करायचा आहे. वस्तू बरोबर अर्ध्यापर्यंत मातीच्या गादीत बसवायची. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात ‘अर्धं’ कुठे आहे हे वस्तू सांगत नाही. ते शोधावं लागतं, वळणावळणाने, कारण रेघ चुकली तर साच्यातून वस्तू सुटणार नाही. रेघ ठरली की मग माती वस्तूच्या कडेला इतकी भिडवायची की मध्ये केसाएवढी फट राहता कामा नये. लाकडी हत्याराचं चपटं टोक कडेने हळूहळू सरकवत मी श्वाससुद्धा बेताने घेते. मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने गादीत चार-पाच गोल खळगे करायचे. या खळग्यांमुळेच पुढे साच्याचे दोन भाग एकमेकांत अचूक बसतात. भोवती भिंत, भिंतीच्या बुडाला परत मातीची वळी, आणि मग वरून बारीक धारेने सिलिकॉन. इतकं करून ते कुठून तरी गळतंच. मातीचा गोळा हाताशी तयार ठेवायचा, गळती दिसली की थोबाडीत मारल्यासारखा तिथे मारायचा. पहिला भाग जमला की सगळं उलटं करून मातीची गादी सोलून काढायची, व्हॅसलीनचा हात फिरवायचा आणि दुसरा भाग ओतायचा. हा हात विसरलात तर सिलिकॉन सिलिकॉनला असं धरतं की दोन भागांचा साचा एकाच भागाचा होतो. वस्तू आत, तुम्ही बाहेर.

आता माती खाल्ल्याची गोष्ट. कानवाल्या डोक्याचा साचा करायचा म्हणून मी हौसेने प्लॅटिनमवर चालणारं सिलिकॉन आणलं. दोन डबे, समसमान मिसळायचे, आकसणं जवळपास नाहीच, वर्षानुवर्षं टिकतं अशी ख्याती. डोकं केलं होतं जुन्या साठ्यातल्या मातीत. तिच्यात गंधक होतं. काही तेलमात्यांमध्ये ते मुद्दाम घालतात. मातीला वजन येतं, गुळगुळीतपणा येतो. आणि प्लॅटिनमचं व गंधकाचं हाडवैर. गंधकाशी गाठ पडली की प्लॅटिनम कामच करेनासं होतं आणि सिलिकॉन घट्ट होत नाही. हे मी वाचलेलं होतं. शिवाय माझ्या चांदीच्या अंगठीनेही मला महिनाभर सांगितलं होतं. ती या मातीत काम करताना काळी पडत चालली होती आणि मी ती इमानेइतबारे दर रविवारी घासत होते. का काळी पडते, हा प्रश्न काही माझ्या डोक्यात आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरून बोट लावलं तर सिलिकॉन मस्त रबरासारखं. मी खूश. कडेने सोलायला घेतलं आणि आतून शेंबूड निघाला. दुसरा शब्द नाही. मातीला टेकलेला सगळा थर चिकट, ओघळणारा, केसांच्या बटांमध्ये, पापण्यांखाली, कानाच्या पाळीमागे शिरून बसलेला. दोन दिवस मी चिंध्यांनी पुसत होते. पुसताना ओठ गेला. तोच, सव्वा महिन्यांचा.

सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नखाएवढ्या मातीवर आधी थेंबभर लावून बघितलं होतंस का?” मी गप्प. “मग बरोबर झालं,” म्हणाले.

ओठ परत केला. खरं सांगायचं तर चार दिवसांत केला, आणि पहिल्यापेक्षा बरा झाला. ही गोष्ट मी सरांना सांगितलेली नाही. या वेळी सिलिकॉन कथलावर चालणारं आणलं. ते गंधकाला भीत नाही. कालांतराने थोडं आकसतं, साचाही तितकी वर्षं पुरत नाही, पण मला त्या डोक्याच्या दोनच प्रती हव्या होत्या. नखाएवढ्या मातीवर थेंबभर लावून बघितलं. रात्रभर ठेवलं. मग सकाळी परत लावून बघितलं.

डोक्यावर सिलिकॉनचा थर जमला की त्यावर प्लास्टरचं कवच चढवायचं असतं, रबराला आकारात धरून ठेवायला. प्लास्टर जमताना तापतं. जाड थर असला तर हाताला चांगला चटका जाणवतो, आणि ती ऊब कवचातून, रबरातून झिरपत आतल्या मातीपर्यंत जाते. साचा उघडला तेव्हा डोकं आतून कोमट होतं. इतके महिने थंड असलेला चेहरा नेमका शेवटच्या दिवशी कोमट लागावा, हे मला जरा चमत्कारिक वाटलं. मऊ झाल्यामुळे तो साच्यातून धड निघालाही नाही. नाक आत राहिलं, गाल माझ्या हातात आला. एक कान साच्यातच फाटला. दुसरा अख्खा, स्वच्छ, पाळीच्या आतल्या वळणासकट सुटून तळहातावर पडला. कान मला कधी जमत नाहीत. हा जमला होता.

बाकीचं सगळं तारेवरून सोलून डब्यात घातलं. घालताना प्लास्टरचा चुरा वेचून काढायचा असतो. एक खडा राहिला तरी पुढच्या कामात तो नेमका डोळ्याच्या कोपऱ्यात हत्याराला अडकतो. माझ्या डब्यातल्या मातीत असे जुने खडे अधूनमधून भेटतात. त्यांच्या रंगावरून मला कळतं की हा कासवाच्या वेळचा, हा पंजाच्या वेळचा.

सध्या एका बसलेल्या बाईचं काम चालू आहे. गुडघे पोटाशी घेतलेले, एक पाय पुढे. काल रात्री पुढच्या पायाची टाच करायला घेतली आणि माती संपली. डब्याच्या कडांवरून हत्यार फिरवलं, तळाचं खरवडून घेतलं, सांगाड्याच्या पाटावर सांडलेले कण गोळा केले. तरी अंगठ्याच्या पेराएवढी कमी पडली. नवीन लादी आणायची म्हणजे रंग वेगळा, मऊपणा वेगळा, आणि गंधक आहे की नाही हे परत बघणं आलं.

मी कान उचलला. दिव्याच्या बुडाशी राहून राहून तो मुळीच कडक झालेला नव्हता. बोटांत आल्याबरोबर पाळी किंचित वाकली. टाचेपाशी धरून बघितला. माप बरोबर होतं. मग परत दिव्याखाली ठेवला आणि दिवा चालूच राहू दिला.