लॉक-इनचा डीसी ऑफसेट: ट्रिमपॉटला हात लावण्याआधी

लॉक-इन ॲम्प्लिफायर सिग्नलला त्याच फ्रिक्वेन्सीच्या रेफरन्सने गुणतो आणि लो-पास फिल्टरने गुणाकाराचा डीसी भाग तेवढा ठेवतो. इनपुट शॉर्ट केलं तरी त्याच्या आउटपुटला काही मिलिव्होल्ट दिसतात, हाच डीसी ऑफसेट; आणि हात लगेच ट्रिमपॉटकडे, म्हणजे शून्य जुळवायच्या छोट्या रेझिस्टरकडे जातो. ऑफसेट कुठून येतो हे कळल्याशिवाय केलेला शून्य टिकत नाही.

एडी६३३ ही मल्टिप्लायर (गुणाकार करणारी) चिप घेऊ. आउटपुट म्हणजे एक्स आणि वाय या दोन इनपुटांचा गुणाकार भागिले १० व्होल्ट. रेफरन्स १० व्होल्ट पीक, फेज अगदी जुळलेली, तरी १० मिलिव्होल्ट पीक सिग्नलचे फिल्टरनंतर ५ मिलिव्होल्टच उरतात. चिपचा आउटपुट ऑफसेट साधारण तेवढाच, कमाल ५० मिलिव्होल्ट. म्हणून गेन मल्टिप्लायरच्या आधी द्या. एक्स-वाय इनपुटांचे ऑफसेट समोरच्या एसीशी गुणले जाऊन रेफरन्सच्या फ्रिक्वेन्सीला जातात, फिल्टर त्यांना गाळतो. फक्त दोन्हीकडे एकदम डीसी नको. प्रत्येक इनपुटला सिरीजमध्ये १ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर आणि ग्राउंडला १० किलोओहम लावा. हा रेझिस्टर विसरलात तर बायस करंटमुळे (चिपच्या इनपुटमधून वाहणाऱ्या किंचित डीसी करंटमुळे) इनपुट सरकत जातं.

आता एक्स-वाय दोन्ही ग्राउंड करा. उरतं ते मल्टिप्लायर आणि फिल्टरचं. तेवढंच झेड पिनवरून (इथला व्होल्टेज आउटपुटमध्ये मिळवला जातो) शून्य करा: ±१५ व्होल्टवर ५० किलोओहमचा पॉट, मधल्या पायापासून झेडला ३०० किलोओहम, झेडपासून ग्राउंडला १ किलोओहम. ±५० मिलिव्होल्टची रेंज मिळते.

मग रेफरन्स चालू, प्रीॲम्पचं (मल्टिप्लायरआधीच्या ॲम्प्लिफायरचं) इनपुट शॉर्ट. वाचन वाढलं तर रेफरन्स सिग्नलमध्ये शिरतोय. इथे फेज १८० अंश फिरवून पाहणं फसवं ठरू शकतं: उलटवलेल्या रेफरन्सच्या तारेतूनच गळती असेल तर तीही उलटते, गुणाकाराचं चिन्ह तेच राहतं आणि ती ऑफसेटसारखी दिसते. त्यापेक्षा रेफरन्स अर्धा करा. खरा ऑफसेट हलत नाही, गळतीचं वाचन मात्र चतुर्थांश होतं, कारण गुणाकाराच्या दोन्ही बाजू अर्ध्या होतात. तिच्यावर उपाय शील्डेड केबल आणि वेगळा ग्राउंड परतीचा मार्ग हाच, ट्रिमपॉट नव्हे.

फिल्टरला १ मेगाओहमसोबत ७४१ ऑप-ॲम्प लावू नका. ८० नॅनोअँपिअर बायस म्हणजे थेट ८० मिलिव्होल्ट. टीएल०७१ चालेल. कपॅसिटर पॉलिएस्टरचा घ्या, इलेक्ट्रोलिटिक गळतो.

गोव्यात जूनपासून चतुर्थी उलटेपर्यंत आणखी एक शत्रू असतो: बोर्डावर राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स दमट होतो. +१५ व्होल्टच्या ट्रॅकपासून फिल्टरच्या नोडपर्यंत १ गिगाओहमची वाट तयार झाली तरी १ मेगाओहमवर १५ मिलिव्होल्ट उभे राहतात. ताळगावच्या पठारावर काय किंवा फर्मागुडीला काय, पावसाळ्यात वाचन दिवसभर सरकत असेल तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश घ्या, बोर्ड नीट सुकवा, नोडभोवती ग्राउंडचा ट्रॅक फिरवा. झेडचा पॉट सर्किट अर्धा तास तापल्यावरच फिरवा.